अक्कांचं डावं पान

सरोजाक्कांच्या उजव्या हाताची तीन बोटं काळी होती. मेंदीसारखी नाही, शाईसारखीही नाही. चुलीवर वर्षानुवर्षं चढलेल्या तांब्याच्या बुडासारखी, तपकिरीकडून काळ्याकडे गेलेली. चांदीच्या क्षाराचं पाणी कातडीवर सांडलं की उजेडात ते असं काळं पडतं आणि कातडी झडेपर्यंत जात नाही. अक्कांची कातडी झडायच्या आत नवा डाग पडलेला असायचा. लग्नाकार्यात बायका विचारायच्या, "केसांना रंग लावतेस काय गं?" अक्का म्हणायच्या, "लावते. माझ्या नाही, लोकांच्या पेशींना." हातमोजे त्यांना दिलेले होते. ते खिडकीत वाळत पडलेले असत. "मोजे घातले की काच हातात आहे की नाही ते कळत नाही," असं त्यांचं म्हणणं.

बंगळूरातल्या एका संशोधन संस्थेत आम्ही दोघं अकरा वर्षं एका खोलीत बसलो. त्या तंत्रज्ञ, मी शास्त्रज्ञ. हुद्द्यानं मी वरचा, बाकी सगळ्यात त्या.

हे लिहायला मी फार उशीर केला आहे. यापूर्वी दोनदा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा एक गोड, विनोदी बाई कागदावर उतरली. वाचायला बरी वाटली असती. पण ती अर्धीच होती, कारण मी त्यांचं काय केलं ते त्यात नव्हतं. म्हणून ते आधीच सांगून टाकतो. संस्थेनं अक्कांना सूक्ष्मदर्शकावरून उठवलं ते त्यांची नजर गेली म्हणून. त्यांची नजर गेलेली नव्हती. हे एकट्या मला ठाऊक होतं. निदान मी तसं समजत होतो.

अक्का चिकपेटच्या, बंगळूरच्या जुन्या, गजबजलेल्या बाजारपेठेतल्या. त्यांच्या घराण्यातलं कुणी किती पिढ्यांपूर्वी मराठी फौजेबरोबर इकडे आलं ते त्यांनाही सांगता यायचं नाही. "घोड्यांबरोबर आलो म्हणे," त्या सांगत. "घोडे गेले. आम्ही राहिलो आणि ब्लाउज शिवायला लागलो." भावाचं शिवणकामाचं दुकान खाली, वर घर. लग्न केलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही आणि विचारलं असतं तर त्यांनी मला बाटल्या धुवायला लावल्या असत्या. घरी मराठी, गल्लीत कन्नड, संस्थेत इंग्रजी, आणि माझ्याशी या तिन्हींची त्यांच्या मनाला येईल तशी मिसळ.

पहिल्या दिवसाचं संभाषण मला शब्दाशब्दानं आठवतं.

"कुठला रे तू?"

"नागपूरचा."

"म्हणजे पुण्याचा."

"नाही हो, नागपूर वेगळं. ते पार..."

"वर गेलं की सगळं पुणंच. बस इथं, पुणेकर. डोळा लाव. काय दिसतंय?"

"पेशी."

"अय्यो, पेशी तर खालच्या वॉचमनलाही दिसेल. केंद्रकात काय दिसतंय?"

"केंद्रकी."

"कुठं?"

"मध्यभागी," मी म्हणालो. डॉक्टरेट करून आलेला माणूस मी. हे विचारणंच मला अपमानाचं वाटत होतं.

"नीट बघ."

नीट पाहिलं. केंद्रकाच्या फिक्या गोलात तो गडद ठिपका मध्यभागी नव्हताच. डावीकडे, जरा खाली, कडेला टेकून बसला होता.

"पुस्तकात मधोमध काढतात," अक्का म्हणाल्या. "म्हणून तुम्हा लोकांना सगळीकडे मधोमधच दिसते. आधी पुस्तक विसर, मग माझ्या सूक्ष्मदर्शकाला हात लाव. सरी?"

हे 'सरी' म्हणजे त्यांचा पूर्णविराम. ठीक आहे, कळलं, पुरे झालं, जा आता, या सगळ्याला एकच.

नव्या मुलामुलींना त्या केंद्रकी शिकवायच्या ती स्वतःच्या घरावरून. "केंद्रकाला भिंत असते, केंद्रकीला नसते. आमच्या घरात एकच खोली आणि कोपऱ्यात चूल. भिंत नाही, पडदा नाही. तरी नवा माणूस आला तर बरोबर सांगेल, स्वयंपाक इथं होतो. प्रथिनं बनवणारी जी बारीक यंत्रं पेशीभर पसरलेली असतात, त्यांची जुळणी सुरू होते ती या चुलीपाशी. पेशीची भूक वाढली की चूल मोठी होते." मग कर्करोगाच्या गाठीचा काप लावायच्या. "आता बघा. एका घरात तीन-तीन, चार-चार चुली पेटल्यात, त्याही वेड्यावाकड्या. एवढा स्वयंपाक कुणासाठी चाललाय?" मुलं हसायची. अक्का हसायच्या नाहीत. "हसू नका. ही कुणाची तरी गाठ आहे." आणि जरा वेळानं, आपल्याशीच बोलल्यासारखं, "पेशीची वाटणी निघाली की चूल आधी विझते. दोन घरं झाली की दोन्हीकडे परत पेटते. माणसांच्या वाटणीत परत पेटेलच असं नाही."

काचेवरच्या मुलखाला त्यांनी शहराची नावं दिली होती. पेशी सुटसुटीत, मध्ये मोकळी जागा असली की ते इंदिरानगर. एकाच मापाच्या पेशी खेटून रांगेत उभ्या असल्या की मारतहळ्ळी. आणि गाठीचा भाग आला की म्हणायच्या, "आलं आमचं चिकपेट. दिवाळीच्या आदल्या दिवसाचं."

आमचं काम होतं केंद्रकी चांदीनं रंगवून मोजायचं. चांदीचं द्रावण केंद्रकीतल्या ठराविक प्रथिनांना धरतं आणि काळे ठिपके उमटतात. एका केंद्रकात किती, केवढे, कुठं, यावरून गाठ किती जोमानं वाढते आहे याचा अंदाज बांधता येतो. सगळी मेख वेळेत. काचा द्रावणात अंधाऱ्या पेटीत ठेवायच्या आणि नेमक्या मिनिटाला उचलायच्या. जरा जास्त राहिल्या की जिथं काही नाही तिथंही काळं धरतं. तेवढा वेळ अक्का पेटीसमोर स्टूल टाकून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसत. फोन आला तर उचलत नसत. एकदा खुद्द विभागप्रमुख दारात येऊन उभे राहिले, तर त्यांना हातानं थोपवून म्हणाल्या, "सर, दूध ठेवलंय गॅसवर."

प्रत्येक बॅचमध्ये त्या एक जादा काच घालत. निरोगी टॉन्सिलच्या कापाची. तिला आम्ही साक्षीदार म्हणत असू. निरोगी पेशीत ठिपके किती आणि कसे दिसायला हवेत ते ठाऊक असतं. तेव्हा साक्षीदार नीट रंगला तर बाकीच्या काचांवर विश्वास ठेवायचा. साक्षीदार बिघडला तर सगळी बॅच फेकायची. यावर चर्चा नाही. वाचताना प्रत्येक काचेवरचं नावही चिकटपट्टीखाली झाकलेलं असे, गाठ कुणाची, काय निदान, ते वाचणाऱ्याला कळू नये म्हणून. पण साक्षीदार उघडा. तो आधी वाचायचा.

आणि वाचला की त्याचं चित्र काढायचं. ही त्यांची स्वतःची रीत, कुणी सांगितलेली नव्हती. काच लावायची, वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सरकायचं, आणि पहिली धड, संपूर्ण पेशी सापडेल ती पेन्सिलीनं नोंदवहीच्या डाव्या पानावर उतरवायची. केंद्रकाचा गोल आणि आत केंद्रकी जिथं असेल तिथं. उजव्या पानावर आकडे. आम्हाला उजव्या पानाशी मतलब. डाव्या पानाला सगळे 'अक्कांची रांगोळी' म्हणत. मीच नाव पाडलं होतं ते.

"कशाला वेळ घालवता?" मी एकदा म्हणालो.

"आकडा विसरतो रे," त्या म्हणाल्या. "तोंड विसरत नाही."

आता एकतिसाव्या बॅचचं.

अक्का चार दिवस रजेवर होत्या, भावजयीच्या ऑपरेशनसाठी. मी तेव्हा छत्तिशीचा, करारावरचा. मला कायम करायचं की नाही हे त्या महिन्यात ठरणार होतं आणि अहवालात ती बॅच हवी होती. जाताना अक्का बजावून गेल्या होत्या, "मी येईपर्यंत चांदीला हात लावू नकोस." मी लावला. एप्रिल होता, वीज गेलेली, खोली तापलेली. काचा पेटीत ठेवल्या आणि तेवढ्यात विभागप्रमुखांनी बोलावलं. अक्का असत्या तर गेल्या नसत्या. मी गेलो. माझ्याच नोकरीचं बोलणं होतं; उठावंसं वाटलं नाही.

परत आलो तेव्हा दूध उतू गेलेलं होतं. साक्षीदार लावून पाहिला. केंद्रकीच्या जागी काळा गोळा आणि भोवती सगळीकडे बारीक काळी कणी, वाऱ्यानं तीळ उधळल्यासारखी. बॅच फेकायची होती. पण तिच्यातल्या पाच बायकांच्या गाठींचा तुकडा संपला होता, नवे काप निघणार नव्हते. बॅच फेकायची म्हणजे अहवाल अपुरा, आणि का अपुरा ते सांगायचं.

मी खोटे आकडे लिहिले नाहीत. त्याहून सोपं काहीतरी केलं. कपाटातून एकोणिसाव्या बॅचचा चांगला साक्षीदार काढला, त्याच्या टोकाचा पेन्सिलीचा आकडा खोडून एकतीस लिहिलं आणि ट्रेमध्ये ठेवला. खरा साक्षीदार रुमालात गुंडाळून घरी नेला. फेकून का दिला नाही ते मला आजही सांगता येत नाही.

अक्का परतल्या. साक्षीदार लावला. चित्र काढायला लागल्या. मी पाठमोरा बसून काही टाइप करत असल्यासारखं करत होतो. पेन्सिलीचा आवाज थांबला.

"पुणेकर, हा याच बॅचचा ना रे?"

"हो."

"बघ हं."

"हो अक्का. मीच रंगवला."

पेन्सिल पुन्हा चालू झाली. पुढचे तीन दिवस त्या वाचत होत्या आणि सारखं मलमलच्या फडक्यानं सूक्ष्मदर्शकाची भिंगं पुसत होत्या. ते फडकं त्यांच्या जुन्या साडीचं. दुसरं कुठलंही त्यांना चालत नसे.

"काळं जास्त वाटतंय रे," तिसऱ्या दिवशी म्हणाल्या.

"साक्षीदार तर ठीक आहे ना?"

"तो ठीक आहे." त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

तेव्हा मी ते वाक्य बोललो. "अक्का, एकदा डोळे दाखवून या."

आजवर केलेल्यांत हे वाक्य मला सगळ्यात वाईट वाटतं. काच बदलली ती भीतीनं. हे वाक्य मी नीट, काळजीच्या सुरात बोललो.

मी कायम झालो. सहा-सात महिन्यांनी दुसऱ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेनं त्याच गाठींच्या आधी पाठवलेल्या कापांचे आकडे कळवले. आमच्या सगळ्या बॅचेस त्यांच्याशी जुळत होत्या. एकतिसावी सोडून. विभागप्रमुखांनी आम्हा दोघांना बोलावलं. रंगवण्यात काही झालं होतं का, त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, साक्षीदार व्यवस्थित होता, नोंद आहे. मग वाचण्यात? मी म्हणालो, अक्कांना त्या वेळी दिसायला थोडा त्रास होत होता, त्या स्वतःच म्हणत होत्या काळं जास्त वाटतंय म्हणून.

विभागप्रमुख अक्कांकडे वळले. अक्का माझ्याकडे बघत होत्या. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे.

"असेल, सर," त्या म्हणाल्या. "वय झालं."

बॅच अभ्यासातून वगळली गेली. म्हणजे जे पहिल्याच दिवशी व्हायला हवं होतं तेच झालं. चुकीचं काही छापलं गेलं नाही, कुठल्या पेशंटचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते एवढंच की नोंदवहीच्या उजव्या पानावर लाल शाईत 'वाचणाऱ्याची चूक' असा शेरा आला, आणि अक्का खालच्या मजल्यावर भांडारात गेल्या. काचा मोजून द्यायच्या, बाटल्या घ्यायच्या, सही करायची. आमच्या खोलीत त्यांच्या जागी एक कॅमेरा आणि संगणक आला.

त्या माझ्याशी वाईट वागल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. दुपारी मी खाली गेलो की डबा पुढे सरकवायच्या. "घे, चटणी तिखट आहे, रडशील." मी खायचो. डोळ्यांत पाणी यायचं आणि त्या म्हणायच्या, "बघ, पुणेकर." वर्षभरात त्यांची बोटं स्वच्छ झाली. ती गोरी बोटं डब्याचं झाकण उघडताना मी बघायचो आणि खाली जाणं टाळायला लागलो. निवृत्तीच्या समारंभात भाषण मलाच करायला लावलं. 'अक्कांच्या नजरेतून काही सुटत नसे,' असं मी म्हणालो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अक्का कपातल्या चहाकडे बघत होत्या.

त्यानंतर सहा वर्षांनी मी त्यांना पुन्हा भेटलो, तेही ठरवून नाही. मेव्हणीच्या मुलीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला बायकोबरोबर मेट्रोनं चिकपेटला गेलो होतो. बायको एका दुकानात रमली आणि मी गर्दीतून जरा बाजूला व्हायचं म्हणून गल्लीत वळलो तर समोर त्यांच्या भावाचं दुकान. आत तीन मशिनं चाललेली. दाराशी, उजेडात, स्टुलावर अक्का. मांडीवर सुया टोचायची गादी. शिंप्यांना रंगारंगाच्या दोऱ्याच्या सुया ओवून देत होत्या. चष्मा नव्हता. सत्तरीला आलेली बाई, एक डोळा मिटून सुई उजेडापुढे धरायची, दोरा एकदाच पुढे जायचा. दुसऱ्यांदा प्रयत्न करावा लागलेला मी पाहिला नाही.

"अय्यो, पुणेकर! केस कुठे गेले तुझे?"

"तुमच्या संस्थेनं घेतले."

"बस, बस. ए, याला कॉफी सांगा कुणीतरी. स्वल्प साखर."

इकडचं तिकडचं झालं. माझी मुलगी, त्यांची भावजय. मग मला राहवेना, का कोण जाणे, मी विचारलं, "डोळे कसे आहेत?"

"डॉक्टर म्हणतो, मोतीबिंदू धरायला लागलाय." सुई गादीत टोचली. "आता."

एवढंच. 'आता' या शब्दावर जोर नव्हता. नुसता बाजूला काढून ठेवला होता.

मी कॉफी पीत राहिलो. सांगायची वेळ ती होती. तीन मशिनांच्या आवाजात कुणाला ऐकूही गेलं नसतं.

"एक विचारू?" अक्काच म्हणाल्या. "त्या वहीतलं माझं डावं पान वाचलंस कधी? एकतीस नंबरचं?"

मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला आपल्या चित्रांची आठवण येते आहे. बरं वाटेल असं काहीतरी बोलावं. ही माझी जुनी खोड. पुढचा माणूस दोन क्षण खूश होईल असं तोंडातून निघून जातं.

"हो, अक्का. वाचलं ना."

"वाचलंस?"

"हो. कितीदा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ.

तेवढ्यात बायकोचा फोन आला आणि मी उठलो.

गेल्या वर्षी अक्का गेल्या. भाचीनं कळवलं. मी जाऊन आलो. भिंतीवरच्या फोटोतही त्यांची तीन बोटं काळी होती. कुठल्या तरी लग्नातला जुना फोटो असावा. त्यानंतर आठवड्याभरानं मी संस्थेच्या जुन्या दप्तराच्या खोलीतून ती नोंदवही मागवली.

उजवं पान ओळखीचं. आकडे आणि लाल शेरा. डाव्या पानावर पेन्सिलीनं काढलेली एक पेशी. केंद्रकाचा गोल एका बाजूनं किंचित चेपलेला, केंद्रकी उजवीकडे वर, कडेला टेकून, आणि तिच्या खाली दुसरा एक छोटा ठिपका. मी मागे एकोणिसावर गेलो. तोच चेपलेला गोल. तीच केंद्रकी, त्याच जागी, खाली तोच ठिपका. काच तीच होती, अक्का नेहमीसारख्या डाव्या कोपऱ्यापासून सरकल्या होत्या, आणि त्यांना तीच पहिली पेशी भेटली होती.

त्या सगळ्या वहीत एक अक्षर मराठी नाही. संस्थेचं सगळं इंग्रजीत. अक्का मराठी बोलत, लिहीत नसत. देवनागरी त्यांची शाळेतल्या हिंदीपुरती. पण एकतिसाव्या चित्राखाली, लहान मुलासारख्या सुट्या अक्षरांत, एक ओळ होती. 'ही आधी भेटली आहे. मला सांग.'

त्या खोलीत मराठी वाचू शकणारा दुसरा माणूस मीच होतो. ओळ माझ्यासाठी होती. भर टेबलावर, माझ्या कोपराजवळ ती तीन दिवस उघडी पडलेली होती, आणि पुढची कित्येक वर्षं कपाटात. विभागप्रमुखांसमोर 'असेल, सर' म्हणताना त्यांना वाटत असणार, हा वाचेल. भांडारात डबा पुढे सरकवतानाही.

मी संस्थेला पत्र लिहिलं आहे. खऱ्या साक्षीदाराची काच सोबत जोडली आहे. चांदीचा रंग टिकतो, ती अजून तशीच काळी आहे. लाल शेऱ्याखाली माझ्या सहीनं दुरुस्ती करू द्यावी अशी विनंती केली आहे. उत्तर यायचं आहे. ते आलं तरी अक्कांना त्याचं काही नाही.

कारण त्या दिवशी दुकानाच्या दाराशी मी त्यांना काय सांगून आलो ते मला आता कळतं. मी सांगितलं होतं की मी वाचलं होतं. कितीदा. म्हणजे, वाचूनही गप्प बसलो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते तसं. काचेकडे बघायच्या तसं, घाई न करता, वरच्या डाव्या कोपऱ्यापासून. बघून झाल्यावर म्हणाल्या, "सरी." मग तोंड उजेडाकडे वळवलं, एक डोळा मिटला, आणि हिरवा दोरा सुईत गेला.